पोस्ट कोणाच्या हातून पोहोचते ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी जलरंगात झाडं, पानं, फुलं रंगवते आणि त्याविषयी लिहितेही. नव्याने चित्रकला शिकणाऱ्यांपर्यंत हे पोहोचावं असं मनापासून वाटतं. कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवून बोलायला मात्र अजिबात आवडत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, यूट्यूब, पिंटरेस्ट अशी सगळीकडे खाती उघडली, सगळीकडे थोडंथोडं टाकलं आणि दमले. माझ्यासाठी यातलं नेमकं कोणतं? आणि हे ठरवायचं कसं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: यूट्यूब. चेहरा दाखवायची गरज नाही. वरून लावलेला कॅमेरा, कागद, तुमचे हात आणि तुमचा आवाज एवढं पुरतं. पण तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. ठरवण्याची रीत एकदा कळली की उद्या नवा प्लॅटफॉर्म आला किंवा जुना बदलला तरी पुन्हा कोणाला विचारावं लागणार नाही. म्हणून उत्तराचा बराचसा भाग त्यावरच आहे.

व्यक्तींसाठी आणि लहान संस्थांसाठी सोशल मीडिया सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. लोक प्लॅटफॉर्म निवडतात तेव्हा बहुतेक वेळा आकडा बघतात. "सगळे तिथेच आहेत" हे कारण मी सर्वांत जास्त ऐकते. फेसबुक महिन्यातून एकदा तरी वापरणारे ३ अब्जांहून जास्त आहेत, ही गोष्ट खरी. पण त्या आकड्याने तुमच्या चित्राचं काय होणार हे कळत नाही. तुमची पोस्ट त्यातल्या कोणासमोर जाणार आणि ते कोण ठरवणार, हा खरा प्रश्न. त्याला जोडूनच दुसरा: ती पोस्ट किती दिवस लोकांना सापडत राहणार? या दोन गोष्टी कळल्या की गर्दीचा आकडा तुम्हाला फारसा लागतच नाही.

पोस्ट अनोळखी माणसापर्यंत जायच्या वाटा मोजक्याच आहेत. पहिली ओळखीची. तुम्ही काही टाकता, ते तुमच्या मित्रांना, नातेवाइकांना, जुन्या सहकाऱ्यांना दिसतं. त्यांनी पुढे पाठवलं तर त्यांच्या ओळखीच्यांना दिसतं. फेसबुकची सगळी रचना मुळात याच पायावर झाली आहे. व्यक्तिगत खात्याला ५,००० मित्रांची मर्यादाही असते. लिंक्डइनही याच जातीचं, फक्त तिथे ओळख नोकरी-व्यवसायातली. या वाटेचा गुण असा की पहिल्या दिवसापासून कोणीतरी बघतं आणि कौतुक करतं. दोषही तोच. तुमच्या आत्तेबहिणीने चित्राला हृदय दिलं म्हणून तिला जलरंग शिकायचे असतात असं नाही. ज्यांना तुमच्या विषयात रस नाही अशांच्या प्रेमळ प्रतिसादावर माणूस कित्येक महिने काढतो आणि मग "पोहोच वाढत का नाही" म्हणून खंतावतो. ओळखीचे लोक तुमच्यावर प्रेम करतात, विषयावर नाही, आणि ते तसंच असायला हवं. त्यांच्याकडून दुसऱ्या कामाची अपेक्षा ठेवू नये.

दुसरी वाट शिफारशीची. इथे तुम्हाला कोण ओळखतं याला फारसं महत्त्व नाही. यंत्रणा तुमची पोस्ट थोड्या लोकांना दाखवून बघते. ते थांबले, शेवटपर्यंत पाहिलं, जपून ठेवलं किंवा कोणाला पाठवलं तर आणखी लोकांना दाखवते. टिकटॉक याच जोरावर वाढलं. इन्स्टाग्रामने २०२० मध्ये रील्स आणले, यूट्यूबने शॉर्ट्स आणले (दोन्ही छोटे उभे व्हिडिओ), आणि एक्स, त्याच्यासारखंच छोट्या मजकुराचं थ्रेड्स, फेसबुक यांच्या मुख्य फीडमध्येही, म्हणजे उघडल्यावर एकाखाली एक दिसणाऱ्या पोस्टमध्येही, आता आपण फॉलो न केलेल्यांच्या पोस्ट मोठ्या प्रमाणात दिसतात त्या याच पद्धतीने. नवख्याला एका रात्रीत प्रचंड लोकांसमोर नेण्याची ताकद या वाटेत आहे. पण जे एका रात्रीत आले ते दुसऱ्या रात्री परत येतीलच असं नाही, कारण त्यांनी तुम्हाला निवडलेलं नसतं. त्यांच्यासमोर तुम्हाला ठेवलेलं असतं. शिवाय ही यंत्रणा पहिल्या दोन-तीन सेकंदांत माणूस थांबला की नाही यावर बरंच काही ठरवते. हळूहळू वाळणाऱ्या रंगाला हे मानवत नाही. मग चित्रकार रंग वाळायची वाट बघणंच गाळून टाकतात, आणि शिकणाऱ्याला नेमकं जे शिकायचं होतं तेच नाहीसं होतं.

तिसरी वाट शोधाची, आणि तुमच्यासारख्यांसाठी मला ती सर्वांत मोलाची वाटते. कोणालातरी अडचण येते, तो ती शब्दांत लिहितो, आणि त्याला तुम्ही सापडता. "ओल्या कागदावर रंग पसरतो तेव्हा काय करावं" असं कोणी शोधतो तेव्हा त्याला करमणूक नको असते, उत्तर हवं असतं. तो तुमच्याकडे दहा मिनिटं शांतपणे बघतो. यूट्यूब, पिंटरेस्ट, प्रश्नोत्तरांचं क्वोरा आणि बऱ्याच अंशी विषयवार चर्चेचं रेडिट या वाटेवर आहेत. या ठिकाणी टाकलेली गोष्ट पहिल्या आठवड्यात कोणी पाहिली नाही म्हणून वाया गेली असं होत नाही. तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ आज कोणाला तरी पहिल्यांदा सापडतो आणि त्याच्यासाठी तो ताजाच असतो. एक्सवरची पोस्ट साधारणपणे काही तासांत खाली जाते. इन्स्टाग्रामवरचं चित्र फार तर दोन-तीन दिवस हिंडतं. झाडांची चित्रं काही बातमी नव्हेत. तुमच्या कामाला वय होत नाही, मग त्याला एका दिवसात म्हातारं करणारी जागा का द्यायची?

चौथी वाट एका विषयावर जमलेल्या लोकांची: रेडिटवरचे सबरेडिट (एकेका विषयाचे चर्चागट), फेसबुकचे ग्रुप, डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचे सर्व्हर, म्हणजे तिथले गट. इथे पोहोच कमी पण संभाषण खरं. तिथले जुने सदस्य आणि नियंत्रक ठरवतात की काय चालेल, आणि आल्या आल्या स्वतःच्या चॅनेलची जाहिरात करणाऱ्याला ते उभं करत नाहीत. ते बरोबरच आहे. तिथे आधी दुसऱ्यांच्या चित्रांवर नीट, सावकाश लिहावं लागतं, आणि तुम्हाला लिहायला आवडतं असं तुम्हीच म्हटलं आहे.

व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम यांविषयी एवढंच सांगते की ती पोहोचण्याची साधनं नव्हेत, संपर्कात राहण्याची आहेत. टेलिग्रामवर २०१५ पासून चॅनेल आहेत, व्हॉट्सॲपवर २०२३ पासून. दोन्हीकडे अनोळखी माणूस आपणहून तुम्हाला शोधत येण्याची शक्यता कमी असते. लोकांना दुसरीकडून तिथे आणावं लागतं. आलेल्यांना मात्र तुमची पोस्ट थेट मिळते, मध्ये शिफारशीची चाळणी नसते. शिकवणी घेणाऱ्यांना, वाचनगट चालवणाऱ्यांना हे फार उपयोगी पडतं. व्हॉट्सॲप चॅनेलवर फॉलो करणाऱ्यांना चालवणाऱ्याचा फोन नंबर दिसत नाही, तेव्हा ग्रुपऐवजी चॅनेल काढणं पुष्कळदा शहाणपणाचं.

आता स्वभावाचा मुद्दा. यावर मी जरा थांबणार आहे, कारण माणसं दमतात ती बहुतेक इथेच.

प्रत्येक प्लॅटफॉर्म तुमच्याकडून रोज एक विशिष्ट प्रकारची कृती मागतो. एक्स तत्काळ प्रतिक्रिया मागतं. कोणीतरी काही म्हटलं, त्यावर तुमचं मत काय, तेही आत्ता. ज्यांना वादात ऊब मिळते, जे बातमीच्या मागे धावतात, ज्यांना दोन ओळींत टोकदार लिहिता येतं, त्यांच्यासाठी ती जागा अजूनही जिवंत आहे. पण दुसऱ्याची पोस्ट उचलून तिच्यावर आपली टिप्पणी चढवण्याची तिथे सोय आहे, आणि तिचा उपयोग चर्चेइतकाच चारचौघांत कोणालातरी खाली दाखवायलाही होतो. मॅस्टोडॉन या एक्ससारख्याच जागेने हीच सोय बरीच वर्षं मुद्दाम ठेवली नव्हती. एका बटणाच्या असण्या-नसण्याने तिथल्या बोलण्याचा सूर बदलतो. म्हणून कुठलाही प्लॅटफॉर्म पारखताना तिथली बटणं बघा. कोणती गोष्ट एका टिचकीत करता येते आणि कोणती करायला पाच पायऱ्या लागतात? जे सोपं केलेलं असतं तेच तिथे जास्त घडतं.

इन्स्टाग्राम दृश्य सातत्य मागतं, आणि आजकाल हालचाल मागतं. फोटोंसाठी म्हणून २०१० मध्ये सुरू झालेली ही जागा. २०१६ मध्ये तिने वेळेच्या क्रमाने दिसणारं फीड सोडलं. जुलै २०२२ मध्ये पूर्ण पडदाभर व्हिडिओ आणि शिफारशींचा मारा होऊ लागला तेव्हा छायाचित्रकार-चित्रकारांनी एवढा आरडाओरडा केला की कंपनीला काही बदल मागे घ्यावे लागले. तरी दिशा बदलली नाही. तुम्ही तिथे स्थिर चित्रं टाकू शकता, अनेक चित्रांची एकत्र पोस्ट अजूनही चांगली चालते, पण मजकुरातली लिंक तिथे दाबून उघडत नाही. वाचक तिथून बाहेर, तुमच्या लेखाकडे, जावा असं वाटत असेल तर ही अडचण रोजची आहे.

यूट्यूब धीर मागतं. एक व्हिडिओ नीट करायला वेळ लागतो आणि सुरुवातीचे काही महिने प्रतिसाद जवळजवळ शून्य असतो. ज्याला रोज कोणीतरी "वा" म्हणायला हवं असतं, तो तिथे कोमेजतो. तुमच्या कामाकडे बघता, एका पानाच्या शिरा रंगवायला जो माणूस तास घालवतो त्याला हा धीर नवा नाही.

लिंक्डइनची मागणी वेगळीच. तिथे प्रत्येक गोष्ट कामाच्या, शिकण्याच्या, प्रगतीच्या भाषेत सांगितली जाते. नोकरी शोधणाऱ्यांनी, व्यावसायिक सेवा देणाऱ्यांनी तिथे असायलाच हवं, आणि तिथे दुसऱ्याचं प्रोफाइल पाहिलं की त्याला सहसा ते कळतं हेही लक्षात ठेवावं. तुमच्या हेतूसाठी ती जागा सोडून दिली तरी चालेल.

लिहिणाऱ्यांसाठी अक्षरमर्यादाही स्वभावाचाच भाग. एक्सवर साध्या खात्याला २८० वर्णांची मर्यादा आहे, एक्ससारख्याच ब्लूस्कायवर ३००, थ्रेड्स आणि बहुतेक मॅस्टोडॉन सर्व्हरवर ५००. देवनागरीत लिहिणाऱ्यांना एक बारकावा माहीत हवा: एक्स काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळी मोजतं, म्हणजे "की" हे दोन वर्ण होतात, ब्लूस्काय डोळ्यांना दिसणारं पूर्ण अक्षर एक धरतं. म्हणजे कागदावर मर्यादा जवळजवळ सारखी असली तरी मराठी मजकूर ब्लूस्कायवर बराच जास्त मावतो. लांब लिहिणाऱ्याने या दोन्हींकडे न जाता फेसबुक किंवा स्वतःचं न्यूजलेटर बघावं हे अधिक बरं.

ज्यांना फक्त वाचायचं-बघायचं आहे त्यांनी कोणता निवडावा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण बहुसंख्य लोक त्याच गटात असतात. वेबच्या वापरावर काम करणाऱ्या जेकब नील्सन यांनी २००६ मध्येच मांडलं होतं की ऑनलाइन समूहांत साधारण ९० टक्के लोक नुसते वाचतात, ९ टक्के अधूनमधून भाग घेतात आणि १ टक्का बहुतेक सगळं लिहितो. ही ढोबळ मांडणी आहे, पण जिथे जिथे मी काम केलं तिथे चित्र फार वेगळं दिसलं नाही. नुसतं वाचणाऱ्याने निवडीचा निकष एकच ठेवावा: फीडवर माझा ताबा किती? रेडिटवर तुम्ही विषय निवडता, म्हणून ताबा बरा. ब्लूस्कायवर वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली फीड निवडता येतात. इन्स्टाग्रामवर २०२२ पासून फक्त फॉलो केलेल्यांच्या पोस्ट वेळेच्या क्रमाने बघायची सोय आहे, पण ती दर वेळी स्वतः निवडावी लागते. यूट्यूबवर तर पाहण्याचा इतिहास बंद करून जुना पुसला की मुखपृष्ठावरच्या शिफारशीच नाहीशा होतात आणि तुम्ही शोधलेलं आणि सबस्क्राइब केलेलं तेवढं उरतं. ज्यांना "पाच मिनिटांसाठी उघडलं आणि तास गेला" हा त्रास आहे त्यांनी प्लॅटफॉर्म बदलण्याआधी एवढं करून पाहावं.

प्लॅटफॉर्म किती टिकेल, हा विचार मात्र मी कोणालाही टाळू देत नाही. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं. सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं व्हाइन जानेवारी २०१७ मध्ये गेलं, तेव्हा तिथे मोठं नाव कमावलेले कलाकार पुन्हा पहिल्या पायरीवर आले. गूगल प्लस मागे गूगल असूनही एप्रिल २०१९ मध्ये मिटलं. मायस्पेस चालू राहिलं, पण सर्व्हर हलवताना अनेक वर्षांत लोकांनी चढवलेली गाणी, फोटो, व्हिडिओ त्यांच्याकडून गेले. कित्येक संगीतकारांकडे स्वतःची दुसरी प्रत नव्हती. आणि बंद न पडताही जमीन सरकते. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्ये मित्र-कुटुंबीयांच्या पोस्टना प्राधान्य देण्याचं जाहीर केलं तेव्हा वर्षानुवर्षं पेज वाढवलेल्या संस्थांची पोहोच अचानक आटली. ट्विटर ऑक्टोबर २०२२ मध्ये विकलं गेलं आणि जुलै २०२३ मध्ये त्याचं नावसुद्धा बदलून एक्स झालं. भाड्याच्या घरात राहताना सामान आपलं असतं, भिंती नसतात. इथेही तसंच आहे.

म्हणून दोन सवयी सुरुवातीपासून लावून घ्या. एक, प्रत्येक चित्राची, व्हिडिओची, मजकुराची मूळ प्रत स्वतःजवळ, तीही दोन ठिकाणी. सगळ्या मोठ्या प्लॅटफॉर्मवर "माझा डेटा डाउनलोड करा" अशा अर्थाची सोय सेटिंग्जमध्ये असते. वर्षातून दोनदा ती वापरा. दोन, ज्यांना तुमचं काम खरंच हवं आहे त्यांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने गोळा करा. ईमेलची यादी तुमची असते. प्लॅटफॉर्म बुडाला, खातं चुकून बंद झालं, नियम बदलले, तरी त्या यादीला पत्र पाठवता येतं. पन्नास जणांची यादीसुद्धा मला हजारो फॉलोअर्सपेक्षा भरवशाची वाटते.

या काळजीवर एक तांत्रिक उत्तरही तयार होत आहे. मॅस्टोडॉन २०१६ पासून आहे आणि ते एका कंपनीच्या मालकीचं ठिकाण नाही; वेगवेगळ्या लोकांचे सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या सामाईक पद्धतीने एकमेकांशी बोलतात. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना फॉलोअर्स बरोबर नेता येतात, जुन्या पोस्ट मात्र मागे राहतात. ब्लूस्कायवर स्वतःच्या वेबसाइटचा पत्ताच खात्याचं नाव म्हणून वापरता येतो. स्वातंत्र्य हा ज्यांच्यासाठी पहिला निकष आहे त्यांनी इकडे जरूर यावं. पण नवशिक्या चित्रकारांना शोधायचं तर आज ते यूट्यूबवरच्या मानाने इथे फार थोडे आहेत, हे मान्य करायला हवं.

खासगीपणाबद्दल लोक फार उशिरा विचार करतात. खऱ्या नावाने वावरायचं की टोपणनावाने, हे खातं उघडण्याआधी ठरवा. फेसबुकला रोजच्या वापरातलं नाव हवं असतं, रेडिटवर टोपणनाव हाच रिवाज. संदेशांच्या बाबतीत एक गैरसमज मला वारंवार भेटतो: टेलिग्राम सर्वांत सुरक्षित असं अनेकांना वाटतं. व्हॉट्सॲपवर २०१६ पासून गप्पा एंड टू एंड एन्क्रिप्टेड असतात, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कोणाला त्या वाचता येत नाहीत. टेलिग्रामवर साध्या गप्पा तशा नसतात, त्यासाठी वेगळी "सीक्रेट चॅट" उघडावी लागते आणि ती ग्रुपसाठी नाही. घरातल्या मुलांसाठी कोणी विचारत असेल तर बहुतेक प्लॅटफॉर्मची किमान वयोमर्यादा १३ आहे. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून अनेक मोठ्या प्लॅटफॉर्मवर १६ वर्षांखालच्यांना खातं ठेवायला बंदी केली आहे, यावरून वारा कुठे वाहतो आहे ते दिसतं.

पैशाचा उल्लेख तुम्ही केला नाही, तरी तो पुढे येईल म्हणून सांगून ठेवते. यूट्यूबवर जाहिरातीतला वाटा मिळण्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि गेल्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलेला वेळ लागतो (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज). त्यानंतर लांब व्हिडिओवरच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा बनवणाऱ्याला मिळतो. इन्स्टाग्रामवरची कमाई मुख्यतः ब्रँडच्या सहकार्यातून येते, म्हणजे कोणीतरी तुम्हाला निवडावं लागतं. पण मी पाहिलेल्या चित्रकारांपैकी ज्यांचं बरं चाललं त्यांचा पैसा जाहिरातीतून कमी आणि शिकवण्यांतून, मूळ चित्रांच्या विक्रीतून जास्त आला. व्हिडिओ हा विश्वास बसण्याचा मार्ग ठरला. त्यामुळे पहिल्या वर्षी कमाईचा आकडा समोर ठेवून प्लॅटफॉर्म निवडू नका. त्याने विषयाची निवडच बिघडते.

निवड करताना पारख कशी करायची ते सांगते. मनात असलेल्या प्लॅटफॉर्मवर पहिले दोन आठवडे काहीही टाकू नका. तुमच्या विषयातली पंधरा-वीस खाती शोधा आणि त्यांच्या पोस्टपेक्षा त्यांच्याखालचं संभाषण वाचा. तिथे प्रश्न विचारले जातात की फक्त हृदयं आणि टाळ्या पडतात? विचारलेल्या प्रश्नाला चित्रकार उत्तर देतो का? नवख्याच्या कच्च्या चित्रावर लोक कसे बोलतात? तिथून बाहेर पडताना तुमचा हात ब्रशकडे जातो की आपण मागे पडलो असं वाटून उगाच जड वाटतं? शेवटचा प्रश्न हळवेपणाचा वाटेल, पण मी त्याला सर्वांत जास्त वजन देते. ज्या जागेमुळे तुमचं मूळ काम कमी होतं ती जागा लाखोंची असली तरी तुमची नाही.

मग तीन महिने एकाच जागी टाका. इतरत्र काही नाही. या काळात व्ह्यूज रोज बघू नका. आठवड्यातून एकदा तीन गोष्टी वहीत लिहा: अनोळखी माणसाने विचारलेले प्रश्न किती, कोणी परत आलं का, आणि या आठवड्याचं काम तुमच्या दिवसात सहज बसलं की ओढून बसवावं लागलं. तिसरी नोंद सलग बिघडत असेल तर प्लॅटफॉर्म किंवा पद्धत बदला, व्ह्यूज वाढत असले तरीही.

दोन प्लॅटफॉर्म एकत्र चालवता येतात, पण त्यांची कामं वेगळी ठरवली तरच. एक मुख्य, जिथे तुम्ही काम ठेवता. दुसरा मदतीचा, जिथे माणसं भेटतात किंवा जिथून वाट मुख्य जागेकडे येते. एकच व्हिडिओ पाच ठिकाणी टाकून देण्याची जी टूम आहे ती मोठ्या चमूंना परवडते, कारण पाचही ठिकाणच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला त्यांच्याकडे माणसं असतात. एकट्याने ते केलं की पोस्ट सगळीकडे असते आणि माणूस कुठेच नसतो. वाचकाला ते लगेच जाणवतं.

तुमच्याकडे परत येते. मुख्य यूट्यूब. व्हिडिओ आठ ते पंधरा मिनिटांचे, प्रत्येकात एकच अडचण सोडवलेली, आणि शीर्षक शिकणारा जसं शोधेल तसं. "माझं नवं चित्र" असं शीर्षक ओळखीच्यांना कळतं, शोधणाऱ्याला नाही. वर्णनात रंगांची नावं, कागदाचा प्रकार आणि व्हिडिओतल्या टप्प्यांच्या वेळा लिहा; तुमची लिहिण्याची आवड इथे थेट कामाला येते. पंधरा दिवसांतून एक जमला तरी पुष्कळ. मदतीला पिंटरेस्ट ठेवा. तिथे लोक गप्पांसाठी जात नाहीत, पुढे काय करून पाहायचं याची चित्रं जमवायला जातात, आणि प्रत्येक पिनला, म्हणजे तिथे टाकलेल्या चित्राला, लिंक जोडता येते. पूर्ण झालेल्या चित्राचा एक चांगला फोटो आणि त्यामागे व्हिडिओची लिंक, एवढं काम. त्याला रोज हजेरी लागत नाही.

बाकीची खाती लगेच पुसून टाकू नका. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि एक्सवर खातं कायमचं काढायला टाकलं की साधारण ३० दिवसांनंतर ते परत आणता येत नाही, आणि तुमचं नाव दुसऱ्या कोणी घेण्याची शक्यताही उरते. त्याऐवजी इन्स्टाग्रामवरची तुमची सर्वांत चांगली तीन चित्रं वर पिन करा, परिचयात यूट्यूबचा पत्ता द्या आणि ॲप फोनवरून काढा. फेसबुक घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी ठेवा, तिथे चित्रांचं ओझं नको. एक्सवर तुम्ही मनाविरुद्ध जात होता असं प्रश्नावरून वाटतं. तिथलं खातं नुसतं पडून राहू द्या, मधूनमधून लॉगिन करून जिवंत ठेवा.

आणि पहिल्या व्हिडिओचा विषय शोधत बसायची गरज नाही. फोनवरून इन्स्टाग्रामचं ॲप काढण्याआधी तुमच्या जुन्या पोस्टखालच्या कॉमेंट एकदा सावकाश वाचा. ज्या चित्राखाली कोणीतरी "हा हिरवा कसा मिळवला" असं विचारलं असेल, तेच पान पुन्हा रंगवा आणि त्या वेळी कॅमेरा चालू ठेवा.